वर न गेलेले पडदे

घराबाहेर पडायचं म्हणजे कुंदाताईंना दहा मिनिटं लागत. चपला घालायच्या आधी गॅस, मग गिझर, मग टीव्ही, मग चार्जर, असं एकेक बटण बोटाने दाबून बघायचं. कुलूप लावून झालं की पुन्हा उघडून आत डोकवायचं. बर दुबईतल्या त्यांच्या जुन्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या घरी एकदा एक्स्टेन्शन बोर्ड पेटला होता. माणसं वाचली, पण भिंतीवरचा काळा डाग कुंदाताईंच्या डोळ्यांसमोरून गेला नाही. त्यांचे यजमान उपेंद्र, रास अल खोरच्या एका गोदामात मॅनेजर, लिफ्टपाशी उभे राहून ओरडत, "यल्ला, चल कुंदा! लिफ्ट दोनदा येऊन गेली."

पण खरी धास्ती त्याच्याही आधीची होती. त्यांची एकुलती एक लेक रिद्धी चौदा महिन्यांची असताना मेंदूज्वराने आठ दिवस हॉस्पिटलात होती. पोर वाचली म्हणून कुंदाताईंनी गल्लीतल्या देवळात पेढे वाटले. पंधरा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ओट्याखाली डब्यांशी खेळणारी पोर मान वर करत नाही.

तिथून पुढे कुंदाताई लेकीचे कान झाल्या. स्पीच थेरपीच्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. घरात एकच भाषा बोला, इंग्लिश. आणि हातांनी खुणा अजिबात नकोत, नाहीतर मूल बोलायचा आळस करतं. सांगलीला मराठीत शिकलेल्या कुंदाताई डिक्शनरी घेऊन बसल्या. रिद्धी हात हलवायला लागली की त्या म्हणत, "हँड्स डाउन," आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर दाबून धरत. पोर ओठ वाचायला शिकली, बोलायलाही शिकली. तिचं बोलणं लोकांना अर्धंच कळे, आईला मात्र सगळं. बिल्डिंगमध्ये, शाळेत, दुकानात कुंदाताई तिच्या अर्धं पाऊल पुढे असत. कुणी विचारलंच तर म्हणत, "तिला जरा कमी ऐकू येतं." 'बहिरी' हा शब्द त्यांनी घरात कधी येऊ दिला नाही.

विसाव्या वर्षी कॉलेजात रिद्धीला काव्या नावाची मैत्रीण भेटली. तीही ऐकू न येणारी. तिच्याकडून रिद्धी खुणांची भाषा शिकली आणि सहा महिन्यांत अशी काही भरभरून बोलायला लागली, की कुंदाताई नुसत्या बघत राहिल्या. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पुढे त्याच गोतावळ्यातून वरद आला. पुण्याचा मुलगा, जन्मापासून ऐकू न येणारा, अबुधाबीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मुलगा गुणी होता, नाव ठेवायला जागा नव्हती. लग्न झालं, खलिफा सिटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला, आणि कुंदाताईंची झोप उडाली.

"अहो, दोघांनाही ऐकू येत नाही," त्या उपेंद्रना म्हणत. "कुणी दार वाजवलं तर? गॅसचा आवाज आला तर? बाळ झालं आणि रडलं तर?"

"ती दोघं लहान आहेत का?" उपेंद्र म्हणत.

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर वरदने खिडक्यांना लावलं. घरातल्या चारही खिडक्यांच्या ब्लाइंड्सना मोटरी होत्या. त्या मोटरी, दिवे, दाराची बेल, छताचा स्मोक अलार्म आणि पाळण्याजवळचा आवाज टिपणारा सेन्सर हे सगळं त्याने एकमेकांशी जोडलं. दाराची बेल वाजली की हॉलचा पडदा वीतभर वर जाऊन खाली येई. बाळ रडलं की बेडरूमचा पडदा हळूहळू अर्धा उघडे आणि उजेड रिद्धीच्या तोंडावर पडे. आणि बिल्डिंगचा फायर अलार्म झाला, तर चारही पडदे एका दमात वर जायचे, दिवे लखलखायचे, हातातलं घड्याळ थरथरायचं. वरदने कुंदाताईंना खाली अंगणात उभं करून त्याची ट्रायल दाखवली होती. दुसऱ्या मजल्यावरचे चार पांढरे पडदे एकदम वर गेले आणि काचेमागे रिद्धी हसत हात हलवताना दिसली.

"आई, आता तरी टेन्शन फ्री?" वरदने फोनवर टाइप करून विचारलं.

कुंदाताईंनी मान डोलावली. पण परतीच्या बसमध्ये त्यांना उगाच रडू आलं. इतकी वर्षं जे काम त्यांनी केलं ते आता चार मोटरी करणार होत्या. त्या मोटरींवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि विश्वास बसलाच असता, तर तेही त्यांना नको होतं.

अस्मी जन्मली ती ऐकू येणारी. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा कुंदाताई लेकीकडे राहायला आल्या होत्या. जुलै महिना, बाहेर भाजून काढणारं ऊन. गुरुवारचा दिवस. वरद ऑफिसला गेला होता. रात्रभर जागलेली रिद्धी अकराच्या सुमाराला बाळाला पाळण्यात ठेवून आडवी झाली. बेडरूमचे पडदे खाली, आत गडद अंधार. घड्याळ आणि फोन तिने स्वयंपाकघरात चार्जिंगला लावले होते.

कुंदाताईंनी हॉलमध्ये बाळाच्या लंगोटांना इस्त्री केली. जवळचा प्लग सापडेना म्हणून इस्त्री सोफ्यामागच्या एक्स्टेन्शनच्या पट्टीत लावली होती. काम झाल्यावर पट्टीला हात लावून बघितला, तर ती कोमट लागली. तेवढं पुरे होतं. त्यांनी पट्टीचं भिंतीवरचं मुख्य बटणच बंद केलं, पुन्हा एकदा दाबून खात्री केली, आणि कढीपत्ता व दूध आणायला खाली उतरल्या. पट्टीच्या टोकाला वाटीएवढा एक पांढरा डबा जोडलेला होता. त्यावरचा निळा ठिपका विझला, तो त्यांनी पाहिलाही. मच्छर घालवायचं मशीन असेल, असं त्यांना वाटलं. राउटरला हात लावायचा नाही हे त्यांना पाठ होतं. या डब्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

ग्रोसरी रस्त्यापलीकडे. कढीपत्त्याची जुडी हातात घेतली आणि बाहेर अलार्म सुरू झाला. आधी त्यांना एखाद्या गाडीचा वाटला. मग रस्त्यावर बघितलं तर त्यांच्याच बिल्डिंगमधून माणसं बाहेर येत होती. दोन आया तीन मुलांना ओढत आणत होत्या, एक बाई मांजर छातीशी धरून अनवाणी, एक म्हातारे गृहस्थ बनियनवर. पहिल्या मजल्याच्या एका खिडकीतून करडा धूर निघत होता.

कुंदाताईंनी मान वर केली. दुसरा मजला, डावीकडच्या चार खिडक्या. पडदे खाली होते.

जातील आता वर, त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या मनात आकडे मोजायला लागल्या. दहा झाले. वीस झाले. ट्रायलच्या वेळी तर पापणी लवायच्या आत गेले होते. पस्तीस झाले. पडदे ढिम्म. आणि मग सोफ्यामागचा तो डबा आठवला. त्याचा विझलेला निळा ठिपका.

जुडी तिथेच टाकून त्या पळत सुटल्या. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे, वाळूने भरलेल्या चपला. बिल्डिंगच्या दारात नातूर खैरुद्दीन, म्हणजे तिथला वॉचमन, दोन्ही हात पसरून उभा होता.

"अम्मा, अंदर नहीं जाना. सिव्हिल डिफेन्स आ रहा है."

"मेरी बेटी ऊपर है! वो सुनती नहीं!"

"अरे अम्मा," खैरुद्दीन समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजकल किसकी बेटी सुनती है? फोन लगाओ, बोलो नीचे आ जाए."

"नहीं, वैसा नहीं! सुनती नहीं, सुनाई नहीं देता!" अलार्मच्या आवाजात शब्द विरून जात होते. खैरुद्दीनने कानामागे हात धरला. आणि कुंदाताईंनी स्वतःचे दोन्ही कान गच्च धरले आणि सगळ्या गर्दीसमोर किंचाळल्या, "बहरी है! मेरी बेटी बहरी है! छोटा बच्चा है!"

खैरुद्दीनचा चेहरा पालटला. त्याने एक शब्द न बोलता गळ्यातला रुमाल त्यांच्या हातात कोंबला, त्यांचा दंड धरला आणि जिन्याकडे वळला.

जिन्यात करपलेल्या तेलाचा उग्र वास होता आणि पहिल्या मजल्यावर डोळ्यांत झोंबणारा धूर. रुमाल नाकाला लावून कुंदाताई कठडा धरत चढल्या. दारापाशी आल्यावर किल्ली भोकात जाईना. खैरुद्दीननेच ती घेऊन दार उघडलं.

आत दिवे शांत, पडदे शांत. बेडरूमच्या अंधारात अस्मी पाळण्यात लालबुंद होऊन रडत होती. आवाज बसला होता, नुसता श्वास फाटत होता. तिच्यापासून हातभर अंतरावर रिद्धी कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपली होती. इतक्या गोंगाटात इतका शांत चेहरा. कुंदाताईंना त्या क्षणाची भीती जितकी वाटली तितकी धुराचीही वाटली नव्हती.

त्यांनी लेकीचं पाऊल दाबलं. तिला उठवायची ती लहानपणापासूनची रीत. रिद्धीने डोळे उघडले, आईचा चेहरा बघितला, दारातला परका माणूस बघितला, आणि काही न विचारता बाळ उचललं.

आग मोठी नव्हती. पहिल्या मजल्यावर कुणीतरी तळणीचं तेल गॅसवर विसरलं होतं. सिव्हिल डिफेन्सच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या माणसांनी वीस मिनिटांत सगळं आटोपलं, तासाभराने लोकांना वर सोडलं. तोवर सगळे समोरच्या मशिदीच्या सावलीत उभे होते. कुणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. रिद्धी बाळाला छातीशी धरून एकटक आपल्या खिडक्यांकडे बघत होती.

"व्हाय डिडन्ट दे ओपन?" तिने आईला विचारलं.

कुंदाताईंनी अस्मीचं टोपडं नीट केलं.

वरद टॅक्सीने धावत आला. घरात शिरताच त्याने लॅपटॉप उघडला. आल्या आल्या कुंदाताईंनी कुणाचं लक्ष नसताना सोफ्यामागचं बटण चालू केलं होतं. निळा ठिपका पुन्हा लागला होता. हे आपण का केलं, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. वरद लॅपटॉपवरच्या ओळी वाचत होता आणि रिद्धीशी हातांनी बोलत होता. भराभर, कपाळाला आठ्या घालून. कुंदाताई दोघांच्या हातांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यात आपलं नाव आहे का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

शेवटी वरदने फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'मेन बॉक्स ऑफलाइन गेला होता. का, ते समजत नाही. बॉक्सच खराब असेल. सॉरी आई. माझी चूक.'

माझी चूक. कुंदाताईंनी ते दोन शब्द वाचले आणि फोन परत दिला.

संध्याकाळी त्या बाल्कनीत गेल्या आणि उपेंद्रना फोनवर सगळं सांगितलं.

"सगळे सुखरूप आहेत ना?"

"आहेत."

"मग आता कशाला सांगत बसतेस? तो नवीन बॉक्स आणेल, खलास. जावयासमोर आणि..."

"अहो, तो स्वतःला दोष देतोय."

"देऊ दे दोन दिवस. विसरेल."

वरद विसरला नाही. रात्री तो जेवला नाही. शुक्रवारी त्याने सुट्टी टाकली, सगळे सेन्सर काढून पुन्हा लावले आणि दर अर्ध्या तासाने बेल दाबून पडदा हलतो का बघितलं. पडदा दर वेळी हलला, आणि त्यामुळे त्याची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. नीट चालणारी वस्तू एकदा विनाकारण बंद पडली, तर पुन्हा पडेलच. रिद्धीचं त्याहून वाईट. ती झोपेनाच. पाळणा तिने पलंगाला खेटून घेतला होता आणि भिंतीला टेकून बसून एक हात बाळाच्या पोटावर ठेवला होता. कुंदाताई म्हणाल्या, "आय विल सिट, यू स्लीप." रिद्धीने मान हलवली. "यू ऑल्सो स्लीप समटाइम्स, आई."

आणि कुंदाताईंच्या मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी उपेंद्रनाही सांगितली नव्हती. गुरुवारी दुपारी जिना उतरताना, लेकीचा हात आपल्या हातात असताना, त्यांना क्षणभर बरं वाटलं होतं. बघा, शेवटी मीच लागले. तो विचार आता त्यांना सोडत नव्हता. दोन दिवसांत त्यांनी देवाला नमस्कार केला नव्हता. पोळ्या करपत होत्या. कुणी समोरून आलं की त्या नजर चुकवत.

शनिवारी सकाळी त्या बेडरूममध्ये गेल्या तेव्हा रिद्धी बसल्या बसल्या झोपली होती. मान एका बाजूला कलंडलेली, पण हात बाळावर तसाच ताठ. पडदा नुसता एसीच्या वाऱ्याने हलला तरी ती दचकून उठली आणि आधी पडद्याकडे, मग बाळाकडे, मग दाराकडे बघितलं. असं दचकणं कुंदाताईंना चांगलं ओळखीचं होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. आयुष्यभर जपून ठेवलेलं ते भय त्यांनी दोन दिवसांत लेकीच्या अंगात घातलं होतं.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बोलायला लागल्या. रिद्धीने त्यांच्या ओठांकडे बघितलं, डोळे बारीक केले, मान हलवली.

"आय कान्ट रीड यू. आई, युअर माउथ इज शेकिंग."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ ऐकेनात. रिद्धीने फोन पुढे केला, पण कुंदाताईंना ती अक्षरंही दिसेनात. मग त्या उठल्या, लेकीचा हात धरून तिला हॉलमध्ये घेऊन गेल्या. वरद तिथेच लॅपटॉप घेऊन बसला होता. दोघांसमोर उभ्या राहून कुंदाताईंनी हवेत इस्त्री फिरवली. लंगोट घडी करून ठेवला. सोफ्यामागे वाकल्या, पट्टीवर हात ठेवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला. पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. मग भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. निळा ठिपका विझला. कढीपत्त्यासाठी पिशवी खांद्याला लावली, दार ओढलं. मग खाली उभं राहून वर बघणारी बाई झाल्या, बोटं मोजणारी बाई. आणि शेवटी छातीवर हात ठेवला. मी.

आयुष्यात पहिल्यांदाच त्या इतकं सगळं हातांनी बोलल्या होत्या.

वरद आधी उठला. त्याने बटण चालू केलं आणि सोफ्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. कुंदाताईंना वाटलं रडतोय, पण तो हसतही होता. बॉक्स चांगला होता. त्याचं काम चांगलं होतं.

रिद्धी हसली नाही.

"थर्सडे," ती म्हणाली. "टुडे इज सॅटर्डे. टू डेज, आई."

"सॉरी, बाळा."

"एनीबडी कॅन स्विच ऑफ अ बटण. आय डोन्ट केअर अबाउट द बटण." ती मोठ्याने बोलत होती, शब्द एकमेकांत अडकत होते, आणि कुंदाताईंना नेहमीप्रमाणे प्रत्येक शब्द कळत होता. "आय आस्क्ड. आय आस्क्ड यू, व्हाय डिडन्ट दे ओपन. यू फिक्स्ड हर कॅप. आय कान्ट हिअर, बट आय कॅन सी."

रिद्धीने त्यांना आठवडाभर बर दुबईला जायला सांगितलं. रागाने नव्हे, थकून. दुपारी उपेंद्र गाडी घेऊन आले. निघताना त्यांनी खैरुद्दीनचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. तो म्हणाला, "साब, मैंने कुछ नहीं किया, अम्मा ने किया." गाडीत बसलेल्या कुंदाताईंनी मान फिरवून घेतली.

तो आठवडा वाईट गेला. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती. चौथ्या दिवशी वरदचा मेसेज आला. डब्याला त्याने बॅटरी जोडली होती आणि तो कपाटावर ठेवला होता. आता तो बंद पडला तर त्याच्या, रिद्धीच्या आणि कुंदाताईंच्या फोनवर लगेच सूचना येणार होती. 'तुमचा नंबर टाकू ना?' त्याने विचारलं होतं. कुंदाताईंनी तो मेसेज उपेंद्रना दोनदा वाचून दाखवला आणि मग 'हो' लिहिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी काव्याला फोन केला, व्हिडिओवर. काव्या आता शारजाला मुलांना शिकवत होती. कुंदाताईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला, 'मला खुणांची भाषा शिकवशील का? माझं वय ५८ आहे.' काव्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. या बाईंनी एकेकाळी तिला दारातूनच परत पाठवलं होतं, रिद्धी घरी नाही असं सांगून. मग तिने बोटांनी विचारलं आणि खाली टाइपही केलं, 'कधीपासून?'

बोटं लवकर वळत नाहीत. उजव्या हाताच्या सांध्यात दुखतं, आणि काव्या कडक आहे. तोंडाने शब्द पुटपुटले की ती लगेच थांबवते. उपेंद्र पेपर वाचता वाचता वरून बघतात आणि म्हणतात, "मला शिवी तर देत नाहीयेस ना?" दर रविवारी दोघं खलिफा सिटीला जातात. कुंदाताई अजूनही निघताना सगळी बटणं तपासतात. काळजी गेलेली नाही, ती जायचीही नाही. रिद्धी पूर्वीसारखी चटकन गळ्यात पडत नाही. कधी कधी कुंदाताई काही बोलत असताना ती ओठांवरून नजर काढून त्यांच्या डोळ्यांत बघते, पडताळून घेतल्यासारखी.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर रिद्धी आणि वरद एकमेकांशी काहीतरी बोलत होते, नेहमीसारखं भराभर. कुंदाताई अस्मीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मधेच त्यांना एक शब्द ओळखू आला. मग आणखी एक. 'आई' आणि 'दमली'. त्यांनी अस्मीला उपेंद्रच्या मांडीवर दिलं आणि हात वर करून, अडखळत, एक बोट चुकीचं वाकवून उत्तर दिलं, की नाही, दमले नाही.

रिद्धी खुर्ची ओढून जवळ आली. तिने आईचं ते वाकडं बोट धरलं, सरळ केलं आणि पुन्हा करायला सांगितलं.